सतरा साड्या जांगडावर

साडीची घडी घालताना पदर आत जातो की बाहेर राहतो, हे प्रत्येक घराचं वेगळं असतं. सासूकडून सुनेकडे जातं. बाईला स्वतःला ते माहीतही नसतं.

•

आयकर अधिकाऱ्याने गादीवर बसताना बूट काढले. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

•

सी.ए. ओझरकरांच्या मृणालच्या साखरपुड्याला मुलीच्या अंगावर कांजीवरम होती. पेठेत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. दिवट्यांचं पैठण्यांचं दुकान हाकेच्या अंतरावर असताना?

•

अनारसे तळताना तुपाचा ताव जरा चढला की जाळी पडत नाही. आईचे कधी बिघडले नाहीत.

•

“पैसे भरले ना? मग केलंच असणार.” हे मी गिरणीत ऐकलं, बँकेत ऐकलं, आणि चुलतबहिणीच्या डोहाळजेवणात पंगतीत शेजारच्या पानावरून ऐकलं. तिथे ती बाई माझ्याकडे बघून बोलली आणि मग म्हणाली, कोशिंबीर वाढा की.

•

आमच्या दुकानाच्या माळ्यावर एक लोखंडी कपाट आहे. त्यात सतरा पैठण्या होत्या. सरकारच्या मते त्या विकल्या गेलेल्या आहेत.

•

आता ओळीने सांगते. मध्ये ओळ मोडली तर मोडली. ज्यांनी सगळं ओळीत ठेवलं त्यांचं काय झालं ते मी बघितलं आहे.

प्रवरेच्या काठचं आमचं गाव. तिथल्या बाजारपेठेत माझ्या वडिलांचं, रंगनाथ दिवट्यांचं, पैठण्यांचं दुकान. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून मीही. माल येवल्याहून यायचा, मागावरून उतरल्या उतरल्या. मी बी.कॉम. होऊन दुकानातच बसायला लागले होते. बिलं मी फाडायची, हिशेब मी लिहायची. गादीवर अण्णा.

जांगड म्हणजे काय ते आता नव्या मुलींना सांगावं लागतं. लग्नाची पैठणी दुकानात बसून घेत नसत. दुकानातला दिवा खोटं बोलतो. नवरीच्या अंगावर टाकून, घरातल्या उजेडात, आजी, मावशी, आत्या अशा चार बायकांनी बघायची. म्हणून पाच-सहा साड्यांचं गाठोडं घरी जायचं. एक ठेवायची, बाकीच्या परत. ठेवली की बिल. तोपर्यंत माल आमचा, घर त्यांचं. मोठ्या शहरात या जांगडाची पावती करतात म्हणे. आमच्याकडे नाही. आजोबांचं वाक्य होतं आणि अण्णा ते कुलदैवतासारखं सांभाळायचे: “लिहिलं की उधारी, बोललं की जांगड.”

आणि दुसरा नियम. कुणाच्या घरी काय गेलंय, हे कुणाला सांगायचं नाही. मलाही नाही. एकदा आजोबांच्या काळात कुणीतरी बोललं, की अमक्यांनी भारीतली बघितली आणि हलकी ठेवली. ते विहिणीच्या कानावर गेलं. ती मुलगी अक्षता पडायच्या आधी घरी परत आली. त्या दिवसापासून दिवट्यांच्या दुकानात जांगडाचं नाव म्हणजे पोटातलं मूल. दिसेल तेव्हा दिसेल.

हे सगळं ऐकायला फार छान वाटतं. मला माहीत आहे. मीही बरीच वर्षं छान मानत होते.

•

तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त सुरू झाले होते. दुपारी तीन माणसं आली. आम्हाला वाटलं गिऱ्हाईक. बायका बरोबर नाहीत हे बघून अण्णा उठून उभे राहिले.

साड्या मोजल्या. मग माझं बुक बघितलं. परत साड्या मोजल्या. बुकात होत्या त्यापेक्षा कपाटात सतरा कमी होत्या, आणि त्या सगळ्या भारीतल्या.

मोज्याला भोक असलेला अधिकारी तरुण होता, आवाज चढवत नव्हता. जबाब लिहून घेतला. त्याची नक्कल अजून माझ्याकडे आहे.

प्रश्न: सतरा साड्या कुठे आहेत?

उत्तर: लोकांच्या घरी.

प्रश्न: कोणत्या लोकांच्या?

(इथे अण्णांनी डावीकडे बघितलं. जबाबात ते लिहिलेलं नाही. मग समोर बघितलं.)

उत्तर: ते सांगत नसतात.

प्रश्न: कोण सांगत नसतात?

उत्तर: आम्ही.

प्रश्न: म्हणजे बिल न करता विकल्या?

उत्तर: विकल्या असत्या तर बिल केलं असतं.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. “दिवटेकाका, मी तुमच्या मुलासारखा. दोन नावं सांगा. मी माणूस पाठवतो, साड्या बघून येईल, विषय संपला.”

“मुलासारखे असलात तरी नाही सांगणार,” अण्णा म्हणाले. “मुलीला सांगत नाही, ती बघा तिकडे बसली आहे.”

तिघेही माझ्याकडे बघून हसले. अण्णासुद्धा. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

•

पेठेत बातमी पसरायला वेळ लागत नाही. “दिवट्यांवर धाड.” आणि मग त्या आठवड्यात साड्या परत येऊ लागल्या. मागच्या दाराने. स्कूटरच्या डिकीतून, मेथीच्या जुड्यांखालून, एक तर कुकरच्या खोक्यातून. आणून देणारं कुणी थांबलं नाही. निरोप एकच: “सध्या नको म्हणावं.” अण्णा गाठोडं घ्यायचे, मान हलवायचे, मला वर कपाटात ठेवायला द्यायचे.

सतराच्या सतरा परत आल्या. एकही विकली गेली नव्हती.

त्यातल्या चार विचित्र घडीच्या होत्या. तिहेरी घडी, पदर आत, आणि शेवटची किनार पाकिटासारखी आत खोचलेली. खोचलेल्या जागी जर मोडली होती.

“कुणाच्या घरची ही घडी?” मी ओरडले. “एवढी भारी जर, काडीसारखी मोडून ठेवली.”

“कुणाचीही असो,” अण्णा म्हणाले. “सोड.”

•

सी.ए. ओझरकर आमचे वर्षानुवर्षांचे सल्लागार. दुकानाचं रिटर्न त्यांच्याकडेच. उंच, गोरे, शर्टाची बाही मनगटापर्यंत बंद. जिल्ह्याच्या आयकर ऑफिसात त्यांना शिपाईही नावाने नमस्कार करायचा. त्यांच्या ऑफिसात काचेच्या टाकीत एकच मासा होता आणि अशील रडायला लागलं की साहेब माशाला खायला घालायचे.

“साहेब,” मी म्हणाले, “आता सगळ्या साड्या आल्यात. त्यांना बोलवा, दाखवू.”

“कुंदा, बी.कॉम. कुणी केलं तुला?” ते हसले. “आता दाखवून काय होणार? ते म्हणतील, येवल्याहून नव्या आणून ठेवल्या. साडीवर तारीख असते का?”

“मग?”

“मग पुरावा. ज्यांच्या घरी होत्या त्यांनी लिहून द्यायचं. इतक्या साड्या बघायला आणल्या होत्या, पसंत पडल्या नाहीत, परत केल्या. खाली सही. अशी चार पत्रं मला द्या अण्णा, मी त्या ऑर्डरचे तुकडे करून आणतो.”

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“अण्णा?”

“साहेब, तुम्हाला माहितीय,” अण्णा म्हणाले.

“मला माहितीय,” ओझरकर म्हणाले. उठले, टाकीचं झाकण उघडलं, चिमूटभर खाणं टाकलं. “पण मला विचारावं तर लागणार ना. तुमच्या जागी मी असतो तर मीही नसतं सांगितलं. पण मग माझे हात बांधले जातात, एवढं लक्षात घ्या.”

मी त्या दिवशी घरी येताना अण्णांना म्हणाले, “किती चांगला माणूस आहे. तुम्ही त्याला मदत करत नाही.”

अण्णा म्हणाले, “रिक्षा बघ.”

•

मला नावं सांगितली नव्हती, पण मी आंधळी नव्हते. मेथीच्या जुड्या कुणाच्या जीपमधून आल्या ते मी बघितलं होतं. कुकरचं खोकं कुणाच्या गड्याने आणलं तेही.

मी गेले.

डॉक्टर पारख्यांच्या बाईंनी झोपाळ्यावर बसवलं. “अगं, साड्या काय, रोज कुणी ना कुणी आणून दाखवतं.”

“बाई, आमच्या होत्या. एक मोतिया, एक जांभळी. तुम्ही पाठवल्यात परत.”

“असतील.”

“मग एवढंच लिहून द्या.”

“लिहून?” त्यांनी झोपाळा थांबवला. “हे बघ, डॉक्टरांचं रिटर्न वेगळं असतं. आमच्याकडे पैठण्या बघतात म्हणून कागद गेला तर उद्या आमच्याकडे येतील. तुमचं काय, दुकानच आहे. लोक येणार, जाणार. चहा घेतेस?”

मी चहा घेतला नाही. त्यांनी तरी आणवला. तो न पिता मी उठले, तेव्हा मागून मोलकरणीला म्हणाल्या, “माज बघ.”

कडलगांचा थोरला अंगणात खुर्ची टाकून बसला होता. साखर कारखान्यावर संचालक. सगळं ऐकून घेतलं.

“पोरी, तुझं काहीतरी चुकतंय. आमच्या घरात बघून परत करायची पद्धत नाही. आम्ही आणलं की घेतो.”

“दादा, मेथीच्या जुड्यांखालून तुमच्याच जीपमधून—”

“आमच्यात मेथी खात नाहीत,” तो म्हणाला. आतून मेथीच्या भाजीचा वास येत होता. मी शपथेवर सांगते, येत होता.

आता कळतं त्याला कशाची भीती होती. प्राप्तिकराची नव्हे. साड्या परत केल्या हे कागदावर येण्याची. कडलगांनी घेतली नाही, परवडली नाही, हे गावात जाण्याची. म्हणजे आजोबांचा नियम बरोबरच होता. आणि त्याच नियमाने आमचा गळा आवळला जात होता.

तिसऱ्या राहाणेबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या. भाचीचं लग्न होतं, दोन साड्या बघायला नेल्या होत्या, एकही ठेवली नव्हती. भीतभीतच गेले.

“बस,” त्या म्हणाल्या. चष्मा लावला, फुलस्केप काढला, समास सोडला. “मजकूर सांग. नको, मीच लिहिते, तुझं शुद्धलेखन मला माहितीय.”

“बाई, तुम्हाला चालेल ना? तुमच्याकडे कुणी आलं तर?”

“येऊ देत. पेन्शनीत पैठणी बघितली हा गुन्हा असेल तर करू देत अटक. तेवढीच जेवणाची सोय होईल.”

लिहिलं. सही केली. खाली तारीख, पत्ता, आणि ‘निवृत्त मुख्याध्यापिका’. तो कागद घेऊन मी पेठेतून पळत आले. चार नाही तर एक. एका घरी जांगड होतं हे सिद्ध झालं असतं तर बाकीच्यांचंही मानावं लागलं असतं. एवढं मलाही कळत होतं.

अण्णांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. टोपी घातली.

“कुठे निघालात?”

“बाईंकडे. कागद परत करायला. माफी मागायला.”

“अण्णा, त्यांनी स्वतः लिहून दिलंय! खुशीने!”

“त्यांनी दिलं, तू मागितलंस म्हणून. नाव आपल्याकडून फुटलं.”

“मग फुटू दे! तुम्हाला चोर म्हणताहेत. ऐकू येतं का? चोर!”

“म्हणू देत.”

“आणि मी? मी बिलं फाडते तिथे बसून. मी पण चोर?”

माझा हात दाराच्या कडीवर होता. अण्णांनी तो बाजूला केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला जोर लावून बाजूला केलं. “कुंदे,” ते म्हणाले, “आज एक नाव गेलं तर उद्या ते विचारतील, बाकीची का नाही. मग कुणाला वाचवणार आहेस?”

मला वाटलं होतं ते तत्त्वासाठी बोलताहेत.

•

पुढचं पटकन सांगते, कारण ते सावकाश घडलं. ऑर्डर आली. सतरा साड्या बिनबिलाच्या विक्रीत धरल्या, कर, व्याज, दंड. ओझरकरांनी अपील केलं. तारखा पडल्या. अपिलाचा साहेब बदलला, मग पुन्हा बदलला. मग सरकारने तडजोडीची योजना आणली. मूळ कर भरा, दंड आणि बरंचसं व्याज सोडतो. अट एक. अपील मागे घ्यायचं.

“म्हणजे आपण बरोबर होतो की चूक, ते कुणी सांगणारच नाही?” मी विचारलं.

“तडजोडीत बरोबर-चूक नसतं, कुंदा,” ओझरकर म्हणाले. “तडजोडीत फक्त संपतं.”

जिल्ह्याच्या ऑफिसात आम्ही तिघे गेलो. तिथला साहेब म्हणत होता, सही करण्याआधी मागच्या वर्षांचंही बघू. दरवर्षी सतरा गेल्या असतील ना? मागची पाच वर्षं उघडतो.

आणि मी ओझरकरांना काम करताना बघितलं. खरं सांगायचं तर तो माणूस आपल्या कामात फार वरच्या दर्जाचा होता. ते रागावले नाहीत, गयावया केली नाही. आधी साहेबाच्या मुलाच्या बारावीची चौकशी केली. मग म्हणाले, पाच वर्षं उघडा, जरूर उघडा, मीही पाच वर्षांचे हातमाग, विणकर, सूत, सगळे कागद घेऊन येतो, दोघं मिळून मार्च घालवू. साहेबाने छताच्या पंख्याकडे बघितलं. मग ओझरकर आवाज खाली आणून म्हणाले, “वयस्कर माणूस आहे. एकच वर्ष धरा. आज सही घेऊन टाका. तुमचाही एक आकडा कमी होतो.”

एकच वर्ष धरलं.

अण्णांपुढे कागद आला. ‘मी माझे अपील स्वखुशीने मागे घेत आहे.’

“स्वखुशीने खोडा,” मी म्हणाले.

“छापील असतं ते,” साहेब म्हणाला.

“मग छापणाऱ्याला बोलवा.”

“कुंदा, बाहेर बस,” ओझरकर म्हणाले. प्रेमाने. पाठीवर हात ठेवून मला दारापर्यंत सोडलं. दाराच्या काचेतून मी अण्णांना सही करताना बघितलं. सही झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पेन साहेबाला परत दिलं आणि नमस्कार केला. कशाबद्दल नमस्कार, ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

कर भरायला दुकानाचा मागचा अर्धा भाग शेजारच्या भांडीवाल्याला विकला. मध्ये पातळ भिंत आली. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला जर दाखवताना पलीकडे पातेली आदळत असतात.

ओझरकरांनी फी घेतली नाही. एक पैसा नाही. “अण्णांकडून फी घेऊ? हात झडेल माझा.” पेठेने त्यांना डोक्यावर घेतलं. आईने अनारशाचा डबा भरला आणि मी तो माझ्या हाताने त्यांच्या घरी नेऊन दिला.

त्या सतरा साड्यांचं काय? मी म्हणाले विकू. अण्णा म्हणाले, विकलेली वस्तू परत कशी विकायची? एकदा कर भरलाय. सरकारदरबारी त्या गेल्या. मी समजावलं, ओरडले, शेवटी हसले. ते ऐकेनात. दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही दोघं माळ्यावर जाऊन त्यांच्या घड्या मोडून नव्या घालायचो, रेशीम चिरू नये म्हणून. त्या चार साड्यांवर मोडलेली जर तशीच दिसायची. अण्णा तिथून बोट फिरवायचे आणि पुढची साडी घ्यायचे.

•

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. आई त्यांच्या पाठोपाठ. दुकान, म्हणजे अर्धं दुकान, मी चालवते. जांगड देते. पावती करते. नाव, पत्ता, सही. लोक म्हणतात, अण्णांच्या वेळी असं नव्हतं. मी म्हणते, नव्हतंच.

मागच्या मार्गशीर्षात ओझरकरांच्या पत्नी इंदुमतीकाकू आल्या. साहेब आता घरातच असतात, डोळ्यांना दिसत नाही फारसं. मृणालच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. इतक्या वर्षांत त्या कधी दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. गुडघे दुखत असतील असं मी धरून चालले होते.

पाच-सहा साड्या उलगडल्या. काकू गप्पा मारत होत्या. नातजावई, पुणं, हॉलचं भाडं. बोलता बोलता समोरची राणी रंगाची साडी त्यांनी घडी घालायला घेतली, नुसतीच, हाताला चाळा म्हणून. पदर आत घेतला. तिहेरी घातली. शेवटची किनार पाकिटासारखी आत खोचली आणि वरून थोपटली.

पलीकडे एक पातेलं पडलं.

“काकू, ही घडी?”

“आमच्या सासूबाईंची गं. हात वळतच नाही दुसरीकडे.”

मी उठले. माळ्यावर गेले, कपाट उघडलं, त्या चार काढल्या. खाली आणून त्यांच्यासमोर ठेवल्या आणि मोडलेल्या जरीवर बोट ठेवलं.

“या तुमच्याकडे होत्या.”

काकूंनी नाकारलं नाही. तेच मला जास्त लागलं. त्या माझ्याकडे नवलाने बघत राहिल्या.

“तुला अण्णा बोलले नव्हते?”

“काय?”

“मला वाटलं तुला माहितीय. म्हणून तर इतकी वर्षं मी इकडे यायला बिचकत होते. मृणालच्या साखरपुड्यासाठी आणल्या होत्या ना या. आणि त्यातच ते सगळं झालं. मग परत केल्या आणि घाईने कांजीवरम घेतली. ती पोर रडली किती.”

“काकू, एका पत्राने आमची केस सुटली असती. चार साड्या तुमच्या घरी. सी.ए.च्या घरी! त्यांच्या शब्दावर कोण अविश्वास दाखवणार होतं?”

“अगं, तेच तर. हे म्हणाले, माझं नाव आलं तर मला केसच चालवता येणार नाही. साक्षीदार आणि सल्लागार एकच माणूस कसा होणार? मग अण्णांचं कोण बघणार? शिवाय सोयरीक नवी, सासरचे नाशिकचे, त्यात हे रोज ज्या साहेबांसमोर उभे राहणार त्यांच्यापुढे, घरात बिनकागदाचा माल... लोक काय म्हणतील. दुसऱ्या दिवशी सकाळीच हे अण्णांना भेटून आले. अण्णाच म्हणाले हो, साहेब, जांगडाचं नाव आम्ही सख्ख्या भावाला सांगत नाही, तुम्ही निर्धास्त राहा. देवमाणूस.” मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “आणि ह्यांनी पण जाण ठेवली. फी घेतली का एक पैसा?”

“आईने अनारसे दिले होते तुम्हाला,” मी म्हणाले.

“हो गं! जाळी काय सुंदर पडली होती.”

चार पत्रं मला द्या अण्णा. मी त्या ऑर्डरचे तुकडे करून आणतो. मला विचारावं तर लागणार ना. मासा. चिमूटभर खाणं. त्या खोलीत दोन माणसांना सगळं माहीत होतं आणि तिसरी मी, दोघांच्या मध्ये बसून, एकाला चांगला म्हणत होते आणि दुसऱ्याचा राग करत होते. राहाणेबाईंचं पत्र अण्णा परत द्यायला निघाले, तेव्हा बाईंचं नाव वाचवायला निघाले नव्हते. किंवा नुसतं बाईंचं नाही.

मला ओझरकरांचा राग आला. पण तो साधा राग आहे, त्याचं मी काहीतरी करीन. अण्णांचा आला तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. माणूस आपलं अर्धं दुकान कापून देतो आणि कुणाला दिलं तेही सांगत नाही. आणि पेठ त्याला चोर म्हणते, आणि मी जेवायला वाढताना ताट आपटते.

मी कापडी पिशवी काढली. चारही साड्या भरल्या.

“घेऊन जा.”

काकू गोंधळल्या. “अगं, किती द्यायचे सांग तरी. ह्या बघ, दोनच चालतील मला—”

“काही नाही द्यायचं. या विकल्या गेलेल्या आहेत. सरकारकडे नोंद आहे. करसुद्धा भरलाय, चलन तुमच्या साहेबांनीच भरून दिलं. फक्त कुणाला विकल्या तेवढं लिहायचं राहिलं होतं.”

बिलबुक ओढलं. चार पैठण्या, रंगासकट. नाव: सौ. इंदुमती ओझरकर. पत्ता. त्यांच्यासमोर, मोठ्या अक्षरात. बिल फाडलं. आजोबा, अण्णा, दोघांच्याही तसबिरी मागच्या भिंतीवर आहेत. मी वळून बघितलं नाही.

“कुंदा, इतक्या वर्षांनी हे काय गं,” काकू म्हणाल्या. “हे आता खचलेत. त्यांना काय सांगू मी?”

“वाचून दाखवा.”

त्यांनी पिशवीला हात लावला नाही. बिल मात्र घेतलं. घेतलं, आणि हातातल्या हातात त्याची घडी घातली. तिहेरी, शेवटची कड आत खोचून. वरून थोपटली. पर्समध्ये ठेवलं आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरल्या.

तपासणीच्या दिवशी, अधिकाऱ्याने साड्या कुठे आहेत म्हणून विचारलं तेव्हा, अण्णांच्या डाव्या हाताला गादीवर ओझरकर साहेब बसले होते, बशीत चहा ओतून पीत.